पालथं घमेलं

बादशहा मुकादम सेंट्रिंगचं काम जमिनीकडं बघून सुरू करतो. बाकीचे आधी वर बघतात, स्लॅब कुठल्या उंचीला येणार ते. हा खाली बघतो. टेकू जिथं उभा राहणार तिथली माती टाचेनं दाबायची. मऊ लागली तर उकरायची, मुरूम भरायचा, धुमसायचा, वर फळी टाकायची आणि मग त्या फळीवर लोखंडी टेकू उभा करायचा. साइटवर या टेकूला जॅक म्हणतात. नळीत नळी, मधे आटे. सुलटा फिरवला की उंच होतो, उलटा फिरवला की उतरतो. वर ओतलेल्या ओल्या काँक्रीटचं सगळं ओझं या जॅकांवर असतं. काँक्रीट आवळेपर्यंत घर म्हणजे हे जॅकच.

त्याचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. गावात ट्रॅक्टर आले, गाड्या गेल्या, भट्टी विझली. बादशहा मिसरूड फुटायच्या आत सांगलीला गेला आणि सेंट्रिंगच्या प्लेटा, म्हणजे स्लॅबखाली धरायचे लोखंडी पत्रे, वाहायला लागला. प्लेट कमरेनं उचलायची नसते, गुडघ्यात बसून मांडीच्या जोरावर उचलायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पाठीनं सांगितलं. पुढं सांगलीतल्याच एका इमारतीच्या परांचीवरून तो पडला. फळी बांधलेली नव्हती, नुसती ठेवलेली होती. डावा पाय मोडला, तो पुरा सरळ झालाच नाही. त्या काळी पडणाऱ्याचीच चूक असायची. "नीट बघत नव्हता," एवढं म्हटलं की विषय संपायचा, आणि दुसरा माणूस त्याच फळीवर चढायचा.

तो खाटेवर होता तेव्हा नवी नवरी सुगराबी त्याला भिंतीला धरून चालायला शिकवत होती. पुढं त्यानं स्वतःच्या प्लेटा घेतल्या, जॅक घेतले, मुकादम झाला. सुगराबीनं अंगण दिलं. प्लेटा अंगणात, जॅक गोठ्याच्या भिंतीला. काम नसेल तेव्हा प्लेटांना जळकं तेल लावायचं, जॅकच्या आट्यांना ग्रीस चोळायचं, हे सगळं तीच करते. धुणं वाळवायची दोरीही दोन जॅकांना बांधलेली असते. घरातल्या खुंटीसारखा जॅक तिच्या हाताखालचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

आणि हेही आधीच सांगतो, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

एका सकाळी राजवर्धन त्यांच्या अंगणात आला. शिकून आलेला इंजिनीअर, घरची उसाची शेती, आता तासगावात घरं बांधायची कंत्राटं घेतो. मोटारसायकल लावून तो प्लेटांच्या थप्पीवर बसला.

"चाचा, आपण एक भागीदारी करू."

"धंद्यातली?"

"न्हाई. जीव वाचवायची. मी, आणखी दोनतीन कंत्राटदार, तुम्ही मुकादम लोक, गवंडी, बिगारी बायका. हार्डवेअरवाला हेल्मेटं आणि कमरेचे पट्टे वापरायला देतो म्हणतोय. समदे मिळून साइट बघायची, समदे मिळून नियम करायचे."

"सरकारनं सांगितलंय?"

"कुणी सांगितलेलं न्हाई. कुणी तपासायलाबी येणार न्हाई. आपल्या मर्जीनं."

सुगराबी प्लेटेला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणी सांगितलं न्हाई, कुणी बघणार न्हाई, मग करायचं कशापायी?"

राजवर्धननं बादशहाच्या डाव्या पायाकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. सुगराबीनं ते बघितलं. तेलाचं फडकं जरा जोरात फिरलं.

पहिली बैठक एका रिकाम्या बेदाण्याच्या शेडमधे झाली. बेदाण्याचा हंगाम अजून लांब होता, जाळ्या मोकळ्या होत्या. भागीदारी हा शब्द लांब पडतो म्हणून सगळ्यांनी नाव सोपं केलं. फलकावर "सुरक्षा भागीदारी", तोंडात "भागी". काम सुरू व्हायच्या आधी रोज फेरी घालायची. एक कंत्राटदाराकडचा, एक मुकादम, एक मजूर, तिघांनी मिळून. स्लॅब ओतताना खाली कुणी थांबायचं नाही. दर शनिवारी चहा प्यायचा आणि आठवड्यात कोण कुठं थोडक्यात वाचलं ते सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी रागवायचं नाही.

पहिल्या शनिवारी कुणीच तोंड उघडेना. मग हरिबा गवंडी उठला. हरिबा माल, म्हणजे ओलं काँक्रीट, सपाट करण्यात पटाईत, आणि जिभेचा त्याहून पटाईत.

"मी थोडक्यात वाचलो," तो म्हणाला. "सासूबाई ऱ्हायला येणार हुत्या. एस्टी चुकली."

शेड हसण्यानं भरून गेली. पण हसून झाल्यावर मागून शालूबाई उठली. आटपाडीकडची बाई, नवऱ्यामागं डोक्यावर घमेली वाहून तिनं घर चालवलं. ती म्हणाली, "परवा माझ्या हातभर अंतरावर वरनं वीट पडली. मी कुणाला बोलले न्हाई. बोलून काय हुतंय म्हणून." मग कुणी हसलं नाही. त्यानंतर शनिवारी बोलायला माणसं कमी पडली नाहीत.

खरा वाद झाला तो थांबवण्याच्या खुणेवरून. धोका दिसला की कुणीही काम थांबवायचं, हे सगळ्यांना पटलं. पण थांबवायचं कसं? मिक्सर चालू असला की स्वतःचं खोकणंही ऐकू येत नाही.

"घमेलं पालथं घालायचं," बादशहा म्हणाला. "जिथं असंल तिथं. पालथं घमेलं दिसलं की हात थांबले पायजेत."

"आवं चाचा!" हरिबा ताडकन उठला. "स्लॅब पुरा झाल्याबिगर घमेलं पालथं घालत न्हाईत. अपशकून असतोय. नारळ फुटल्यावर तर न्हाईच न्हाई."

हे खरं होतं. आमच्या भागात स्लॅबच्या दिवशी सकाळी मालक नारळ फोडतो. तो फुटला की काम अखंड चालायला हवं, मधे थांबलं तर घराला बरं नाही असं मानतात. शेवटचा माल पडला की घमेली धुतात आणि ओळीनं पालथी घालतात. म्हणजे झालं, आता जेवा.

"म्हणूनच म्हणतोय," बादशहा म्हणाला. "अपशकुनाचं काम उगं कोण करणार न्हाई. ज्यानं केलं त्याला कायतरी दिसलंच असणार. आनि समदी खाली उतरस्तवर त्याला एक सवाल इचारायचा न्हाई. आधी उतरायचं, मग इचारायचं."

हात वर झाले. हरिबाचा सगळ्यात शेवटी.

भागीचा पहिला स्लॅब लालासाहेबांच्या घराचा निघाला. लालासाहेब फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कवठे महांकाळच्या रस्त्याला त्यांचा द्राक्षमळा. मळ्यातच नवीन घर. पुढं मोठा सोपा, आत दोन खोल्या, मागं स्वैपाकघर. सेंट्रिंग बादशहाचं, गवंडी हरिबा, कंत्राट राजवर्धनचं. लालासाहेबांनी भागीचं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरनं हात फिरवला.

"हेल्मेट घाला, पट्टे बांधा, आपल्याला चालतंय. फौजेत आमी तेच केलं. पन एक सांगतो बादशा. नारळ फुटल्यावर माझ्या घराचं काम थांबलं तर हा समदा खेळ हितंच बंद. पुन्हा या मळ्यात तुमची भागी आनायची न्हाई."

"थांबायचं कारणच न्हाई, सुभेदार," बादशहा म्हणाला. "माझ्या सेंट्रिंगवर आजवर एक स्लॅब थांबलेला न्हाई."

हा त्याचा गर्व होता. तो बोलून दाखवायचा नाही, पण त्या दिवशी बोलला.

स्लॅबच्या दिवशी मालकानं टोळीला मटणाचा रस्सा आणि भाकरी द्यायची, ही रीत. लालासाहेबांनी सांगून ठेवलं होतं, रस्सा सुगराभाभींच्याच हातचा पाहिजे. तिच्या रश्श्याला बिगारी कवठे महांकाळपासून येतात, असं हरिबा म्हणायचा. बकरं बादशहाच्या भावानं पहाटेच कापून दिलं. घरामागं मोकळ्यात गॅसची शेगडी, मोठं पातेलं, मसाल्याचा डबा असं सगळं सुगराबीनं मांडलं.

उजाडल्यावर फेरी झाली. राजवर्धन, बादशहा आणि बिगाऱ्यांच्या वतीनं शालूबाई. तिघं स्लॅबखाली वाकून वाकून फिरले. बादशहानं प्रत्येक जॅकवर हातोडीनं टिचकी मारली. ताठ बसलेला जॅक टणक बोलतो, सैल असेल तर भदभदतो. सगळे टणक बोलले. मग सोप्याच्या दाराला त्यानं लाल दोरी आडवी बांधली. आत जायचं नाही.

लालासाहेबांनी नारळ फोडला. मिक्सर गुरगुरायला लागला. काम स्वैपाकघराच्या बाजूनं सुरू झालं, सोप्याकडं सरकत यायचं होतं. लिफ्टनं माल वर येत होता, घमेलं हातोहात पुढं जात होतं, हरिबा शेवटाला माल ओढून पसरत होता. वर सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. बायकांनी आधी खाली पदर, त्यावर हेल्मेट असं बसवलं होतं.

मळ्यावर वारा उठला. द्राक्षाचे मांडव खळाळायला लागले. बादशहानं वरून एकदा मागं नजर टाकली. शेगडी जागेवर दिसली नाही. वाऱ्यानं विझत असेल, आडोशाला नेली असेल, असं मनात आलं आणि माल आला तसं ते मनातनं गेलं.

काम सोप्यावर आलं. सगळं तालावर चाललं होतं. बादशहा स्लॅबच्या कडेला उभा राहून कड सरळ येते का ते बघत होता. आणि ताल तुटला.

आधी त्याला कळलं नाही काय झालं. हात रिकामे राहिले, मागून आलेलं घमेलं कुणी घेईना. मग त्यानं बघितलं. ओळीच्या शेवटाला शालूबाई उभी होती. तिच्या पायाशी घमेलं होतं, पालथं.

हरिबा ओरडत होता ते मिक्सरच्या आवाजात नुसतं तोंड हलल्यासारखं दिसत होतं. राजवर्धननं हात उंच केला, मिक्सर बंद झाला, आणि एकदम सगळ्यांना वारा ऐकू आला.

"काय खूळ लागलं काय गं?" हरिबा म्हणाला. "इथं खळगा हाय, माल टाक म्हटलं तर घमेलंच उलथं घातलं!"

"तिथं दोनदा टाकलाय," शालूबाई म्हणाली. "तरी खळगाच. पानी तिथंच साचतंय. मी तिसऱ्यांदा न्हाई टाकनार."

खालून लालासाहेबांचा आवाज आला. "काय झालं? का थांबलं? बादशा! नारळ फुटलाय माझा!"

सगळी माणसं बादशहाकडं बघायला लागली. राजवर्धनही. सेंट्रिंग बादशहाचं. दोन वेळा माल टाकूनही खळगा राहतो याचा अर्थ माल कमी पडत नाही, खालची प्लेट बसते आहे. आणि प्लेट बसते आहे म्हणजे बादशहाचं काम कच्चं आहे. हे शालूबाई सगळ्यांसमोर म्हणत होती, तोंडानं नाही, घमेल्यानं.

त्यानं स्वतः प्रत्येक जॅकवर हातोडी मारली होती. टणक आवाज अजून कानात होता. टाक माल, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलंसुद्धा. हरिबा त्याच शब्दाची वाट बघत होता. लालासाहेब खाली कमरेवर हात ठेवून उभे होते. एक शब्द, आणि मिक्सर पुन्हा गुरगुरला असता.

पण घमेलं पालथं होतं. ती खूण त्यानंच दिली होती. आधी उतरायचं, मग विचारायचं, हे शब्द त्याचेच होते. दुसऱ्याच्या सेंट्रिंगवर ती खूण चालते आणि आपल्या सेंट्रिंगवर चालत नाही, असं कसं?

"उतरा," तो म्हणाला.

"चाचा..."

"हरिबा, उतर. सोप्यावरनं चालू नका. भिंतीभिंतीनं स्वैपाकघराकडं जावा आनि तिकडनं उतरा. पळू नका."

माणसं उतरली. एकामागं एक, भिंतीच्या रेषेवरून. शालूबाई शेवटी उतरली. घमेलं तिथंच राहिलं.

बादशहा लंगडत घराला वळसा घालून सोप्याच्या खिडकीच्या मोकळ्या चौकटीशी आला. आत जायचं नव्हतं, बाहेरून बघायचं होतं. त्यानं आत डोकावलं.

जॅकांच्या मधोमध शेगडी होती. शेगडीवर पातेलं होतं. आणि पातेल्यात लांब पळी फिरवत सुगराबी उभी होती.

तिच्या डोक्याच्या बरोबर वर प्लेटा पोटासारख्या खाली आल्या होत्या. सांध्यातनं सिमेंटचं पाणी ठिबकत होतं. दोन जॅक जागेवर नव्हते. ते भिंतीला नीट टेकवून ठेवले होते, पुसून. बाजूच्या एका जॅकच्या टाचेखालची फळी चिरली होती.

ओरडावं असं त्याच्या घशापर्यंत आलं. त्यानं ते गिळलं. दचकून ती मागं सरकली असती, आणि मागं जॅक होता.

"सुगरा," तो साध्या आवाजात म्हणाला, "गॅस बंद कर."

"आवं, आत्ता कुठं उकळी आलीया. बाहेर वाऱ्यानं शेगडी टिकंना, म्हणून..."

"बंद कर."

तिनं त्याच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज तिनं ऐकला नव्हता. तिनं गॅस बंद केला.

"पळी ठेव. पातेल्याला हात लावू नको. उजव्या अंगानं भिंतीपतूर ये. आता भिंतीला पाठ लावून दाराकडं. दोरीखालनं वाकून. सावकाश."

"झाकण तरी घालते, वरनं पानी ठिबकतंय कवाधरनं..."

"सुगरा."

तिनं तरी झाकण घातलंच. मग भिंतीला पाठ लावून, पदर आवरून, ती दारापर्यंत आली, दोरीखालून वाकली आणि उन्हात उभी राहिली. बादशहानं तिचं मनगट धरलं. घराच्या कोपऱ्यापासून लांब, मांडवाच्या पहिल्या खांबापर्यंत नेलं. तिथं तो वाफ्याच्या कडेला बसला. मनगट सोडलं नाही.

माणसं गोळा झाली. राजवर्धननं खिडकीतून बघितलं आणि तोंडावरनं हात फिरवला. लालासाहेब बघायला गेले. परत आले तेव्हा त्यांची टोपी हातात होती.

"ते जॅक कुणी काढले?" राजवर्धननं विचारलं. रागानं नाही.

"मीच," सुगराबी म्हणाली. "पातेलं बसंना मधे. तवा वर अजून मोकळंच हुतं, सहज फिरले. इतके जॅक हाईत, दोन काढले तर काय हुतंय म्हटलं. जेवण झाल्यावर लावनार हुते की. आट्याला ग्रीसबी मीच लावलंय."

"दोरी हुती ना दाराला?" बादशहा म्हणाला.

"ती बाहेरच्यांसाठी असंल असं वाटलं. दोरी तुमची, जॅक तुमचे. मी काय बाहेरची हाय व्हय?"

कुणी हसलं नाही. मग शालूबाईच्या तोंडून हसू फुटलं, रडणं आवरताना फुटतं तसं. ती सुगराबीजवळ गेली आणि नुसतीच उभी राहिली. सुगराबीनं तिच्याकडं बघितलं, वर स्लॅबकडं बघितलं, आणि तिचा हात धरला.

"या अल्ला," ती म्हणाली. "तू घमेलं टाकलं असतंस तर..."

"टाकलं न्हाई ना भाभी. मग झालं तर."

पण काम अजून राहिलं होतं, आणि ते घाईनं करायचं नव्हतं. आत कुणाला पाठवायचं नाही, आधी वरचं ओझं कमी करायचं, असं राजवर्धन म्हणाला. बादशहाचंही तेच मत होतं. हरिबानं कमरेला पट्टा बांधला, दोरी जिन्याच्या खांबाला आवळली आणि भिंतीवरच्या बीमवर पाय रोवून लांब दांड्याच्या फावड्यानं ओला माल खळग्यातून मागं ओढायला सुरुवात केली. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं राजवर्धन. तोंडातनं एक विनोद निघाला नाही त्याच्या. खळगा उघडा पडला, प्लेटा दिसायला लागल्या, ठिबकणं थांबलं. तेव्हा बादशहा खाली शिरला. मजबूत बाजूकडून एकेक जॅक नवीन उभा करत, पुढच्यात पाऊल टाकायच्या आधी मागच्यावर हातोडी मारत, तो शेगडीपर्यंत पोचला. काढलेले जॅक जागेवर आले. चिरलेल्या फळीच्या जागी जाड फळी आली. मग त्यानं आटे एकेक फेर आळीपाळीनं फिरवले. या जॅकला एक, त्या जॅकला एक. प्लेटा हळूहळू वर सरकल्या आणि सुतात आल्या. त्यानं आणि राजवर्धननं मिळून पातेलं बाहेर आणलं. मग शेगडी, मग सिलिंडर.

बादशहा पुन्हा सगळ्या जॅकांवरून हातोडी फिरवत गेला. बाहेर सगळे कान देऊन उभे होते. सगळे जॅक टणक बोलले.

"सुभेदार," बादशहा लालासाहेबांपुढं उभा राहिला. "काम थांबलं. तुमी म्हटला हुता तसं भागी बंद करायची तर..."

"गप बस रं," लालासाहेब म्हणाले.  "आजच्या दिवशी माझ्या घरात बाईमाणूस गेलं असतं तर त्या घरात मी राहिलो असतो व्हय?"  मग ते मळ्यातल्या जुन्या घरात गेले आणि हातात दुसरा नारळ घेऊन आले. "हा मधला. आता कर सुरू."

"मधला नारळ कवा ऐकला न्हाई," हरिबा म्हणाला. त्याची जीभ परत आली होती.

"आता ऐक."

शालूबाई वर गेली. आपलं घमेलं तिनं स्वतः उचललं, सुलटं केलं, पुढं सरकवलं. मिक्सर गुरगुरला. माल थोडा ताठ झाला होता, हरिबानं सांध्याला सिमेंटचं पाणी मारून तो नव्या मालात कालवून घेतला. स्लॅब पुरा झाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घमेली धुवून ओळीनं पालथी पडली. आता ती शकुनाची होती.

रश्श्याच्या पातेल्याच्या झाकणावर सिमेंटच्या पाण्याचा पापुद्रा वाळला होता. सुगराबीनं तो पाण्यानं धुवून काढला, मग झाकण उघडलं. आत थेंब गेला नव्हता. तरी तिनं आधी स्वतः चमचाभर चाखला आणि मगच वाढायला घेतलं.

"झाकणाला पंधरा दिवस पानी मारा, चाची," हरिबा ताटावर बसत म्हणाला. "लय भारी आवळंल."

त्या दिवशी सगळे पोटभर जेवले. कुणी दोनदा घेतलं, कुणी तीनदा. मोठ्यानं बोलत होते, उगाच हसत होते. बादशहा मात्र भाकरी मोडून बसला होता. सुगराबी वाढायला आली तशी तो म्हणाला, "बस जरा. तूबी जेव." मग ती त्याच्या शेजारी बसली. टोळीसमोर ती कधी बसली नव्हती.

शनिवारी चहाला ती आली. बोलावलं कुणी नव्हतं. शेडच्या मागं बसली आणि सगळ्यांचं सांगून झाल्यावर उठली.

"मी थोडक्यात वाचले," ती म्हणाली. "आनि तुमीबी. माझ्यामुळं." तिनं सगळं सांगितलं, जॅक कसा फिरवला तेही. पातेल्यासाठी जागा केली हेही. कुणी रागवलं नाही, नियमच होता. पण तिला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

"तुमी फेरी घालता," ती म्हणाली. "कंत्राटदार, मुकादम, मजूर. जेवण करणाऱ्या बाईला कुठं चूल मांडू, कुठं न्हाई, हे कुणी सांगितलं? मी काय मनानं शिकायचं व्हय?"

राजवर्धननं बादशहाकडं बघितलं.

"बरोबर हाय," बादशहा म्हणाला. "फेरीत चौथं माणूस पायजे."

पुढचा स्लॅब तासगावात एका शाळामास्तरांच्या घराचा होता. उजाडायला चौघं फेरीला निघाले. सुगराबीच्या डोक्यावर पदर, त्यावर हेल्मेट. ती स्लॅबखालून गेली, जॅकांकडं बघून हात मागं बांधून घेतले. बादशहानं हातोडी पुढं केली.

"मार एक."

तिनं मारली. जॅक टणक बोलला. ती थांबली, पुन्हा मारली, कान लावला, मग मान हलवून पुढं सरकली.

बाहेर आल्यावर तिनं कंपाउंडच्या भिंतीच्या आडोशाला, घरापासून दूर, बोट दाखवलं. "तिथं वारा लागंल का?"

"पत्रा उभा करून देतो," राजवर्धन म्हणाला.

शालूबाईनं पत्रा धरला, बादशहानं तो खुंट्यांना बांधला. दोन फेर जास्त मारले आणि हलवून बघितला. सुगराबीनं शेगडी पेटवली. ज्योत सरळ राहिली. मग मास्तरांनी नारळ फोडला.